किरणोत्सव : मावळतीच्या उजेडातील दर्शन

देवापुढे दिवा लावणे ही आपली नित्याची रीत. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात मात्र वर्षातून दोनदा सूर्यच देवीच्या दर्शनाला येतो. बहुतेक मंदिरे पूर्वाभिमुख असतात. हे पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोहोचतात. परंपरेनुसार ९ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी रोजी ती देवीच्या चरणांना स्पर्श करतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत येतात आणि तिसऱ्या दिवशी मुखमंडल उजळते. हाच किरणोत्सव होय.

या तारखांमागे साधे गणित आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणायनाच्या टोकाला असतो. त्याआधी आणि नंतर सुमारे सहा आठवड्यांच्या अंतराने तो क्षितिजावर जवळपास एकाच ठिकाणी, पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. नेमकी ती दिशा मंदिराच्या वाटेशी जुळते. सूर्य जसजसा खाली उतरतो, तसतशी किरणे मूर्तीवर वर चढत जातात. जगाच्या दृष्टीने जो अस्त, तोच गाभाऱ्यातला उदय ठरतो.

प्रकाश आणि देवत्व यांचे नाते प्राचीन आहे. ‘देव’ हा शब्द चकाकणे या अर्थाच्या ‘दिव्’ धातूशी जोडला जातो. वेदांतील द्यौस् आणि ग्रीकांचा झ्यूस ही नावे एकाच मुळातून आली, असे भाषाशास्त्र सांगते. ग्रीकांच्या उषादेवतेचे नाव इऑस. तेही आपल्या उषेचे सगोत्र. अपोलोला ‘फीबस’, म्हणजे तेजस्वी, म्हणत. देवाने प्रकट होण्यासाठी ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याच्या मुळाशीही प्रकाशणे हाच अर्थ आहे. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये इ.स.पूर्व ४३८ मध्ये अथीनेची मूर्ती प्रतिष्ठित झाली, ती पूर्वेकडील दाराकडे तोंड करून. तेथे दाराची दिशा उगवतीची, कोल्हापुरात मावळतीची. एकीकडे देवता उजेडासह प्रकटते, दुसरीकडे दर्शन उजेडाने पूर्ण होते. भाव मात्र एकच.

परंतु हा उजेड आपोआप पोहोचत नाही. ढग, धूळ आणि हवेतील बाष्प किरणांची तीव्रता घटवतात; त्यावर माणसाचा इलाज नाही. महाद्वारापलीकडे वाढलेल्या इमारती, त्यांवरील टाक्या, फलक आणि तारा यांचे तसे नाही. काही वर्षी किरणे मुखापर्यंत न पोहोचताच लुप्त झाली आणि मार्गातील अडथळे हटवण्याची मागणी पुन्हा पुन्हा झाली. पार्थेनॉनच्या गाभाऱ्यातून मूर्ती कधीच नाहीशी झाली. दार उरले तरी उजळायला तेथे कोणी नाही. कोल्हापुरात मूर्ती आहे, सूर्य आहे आणि भक्तही आहेत. प्राचीन स्थपतींनी किरणांसाठी वाट आखून ठेवली. ती मोकळी ठेवणे एवढेच आजच्या नगराच्या वाट्याचे पूजन आहे.