ब्रेक्झिटची कोंडी

प्रस्तावना

लोकशाहीत जनतेचा कौल अखेरचा मानला जातो. परंतु कौल मिळाल्यानंतरही तो अमलात आणण्याची वाट सरकारला आणि संसदेला सापडली नाही, तर काय होते? युरोपीय संघातून बाहेर पडावे, असा कौल ब्रिटनच्या जनतेने २०१६ मध्ये दिला. प्रत्यक्षात तो देश संघाबाहेर पडला ३१ जानेवारी २०२० रोजी. मधल्या साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधानांना पद सोडावे लागले, दोन वेळा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि बाहेर पडण्याची तारीख तीन वेळा पुढे ढकलली गेली. ‘ब्रिटन’ आणि बाहेर पडणे या अर्थाचा ‘एक्झिट’ हे दोन शब्द जोडून ‘ब्रेक्झिट’ हा शब्द तयार झाला. ब्रेक्झिटची कोंडी का झाली, सामान्य माणूस तिला का विटला आणि ती अखेर कशी फुटली, हे या पाठात समजावून घ्यावयाचे आहे.

व्यापारी संघाशी जडलेले नाते

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील देशांनी आपापसांतील वैर संपवण्यासाठी व्यापाराचा मार्ग निवडला. १९५७ मध्ये सहा देशांनी रोम येथे करार करून युरोपीय आर्थिक समुदायाची स्थापना केली. पुढे याच समुदायातून युरोपीय संघ आकारास आला. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी या समुदायात सामील झाला. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, सदस्यत्व चालू ठेवावे काय, या प्रश्नावर तेथे सार्वमत घेण्यात आले. तेव्हा सुमारे ६७ टक्के मतदारांनी होकार दिला.

संघाच्या सदस्य देशांमध्ये मालाची ने-आण जकातीशिवाय होते. नागरिकांना कोणत्याही सदस्य देशात राहण्याचा आणि नोकरी करण्याचा हक्क असतो. या सोयींच्या बदल्यात संघाचे सामाईक नियम पाळावे लागतात आणि वर्गणीही भरावी लागते. ब्रिटनमधील अनेकांना ही किंमत जाचक वाटू लागली. आपले कायदे आपल्याच संसदेने करावेत, बाहेरून येणाऱ्यांच्या संख्येवर आपले नियंत्रण असावे, असे त्यांचे म्हणणे होते. सत्ताधारी हुजूर पक्षातही या प्रश्नावर जुनी फूट होती. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी हा वाद कायमचा मिटवण्यासाठी २३ जून २०१६ रोजी सार्वमत घेतले. स्वतः कॅमेरॉन संघात राहण्याच्या बाजूचे होते.

निकाल त्यांच्या अपेक्षेविरुद्ध लागला. ‘बाहेर पडावे’ या बाजूला ५१.९ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ७४ लाख मते मिळाली. ‘राहावे’ या बाजूला ४८.१ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ६१ लाख मते पडली. इंग्लंड आणि वेल्स यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने, तर स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. कॅमेरॉन यांनी राजीनामा दिला आणि थेरेसा मे पंतप्रधान झाल्या.

एक प्रश्न, अनेक उत्तरे

मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते : राहावे किंवा बाहेर पडावे. बाहेर पडल्यावर संघाशी कसे संबंध ठेवावेत, हे मतपत्रिकेने विचारलेच नव्हते. कोंडीचे मूळ येथे आहे.

एकत्र कुटुंबातून एक भाऊ वेगळा होतो, असे समजा. ‘वेगळे व्हायचे’ हे एका दिवसात ठरू शकते. परंतु सामाईक विहिरीचे पाणी कोणी किती घ्यावे, जुन्या कर्जाचा वाटा कोणी उचलावा, शेताकडे जाणारी वाट कोणाच्या हद्दीतून जावी, हे ठरल्याशिवाय वाटणी पुरी होत नाही. ब्रिटनपुढेही असेच प्रश्न उभे राहिले. जुन्या देण्यांपोटी सुमारे ३९ अब्ज पौंड द्यावे लागतील, असा अंदाज होता. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, संघातील इतर देशांच्या तीस लाखांहून अधिक नागरिकांचे हक्कही ठरवायचे होते.

‘बाहेर पडणाऱ्यां’मध्येही एकमत नव्हते. काहींना नॉर्वेप्रमाणे संघाच्या बाजारपेठेत राहून सदस्यत्व सोडायचे होते. काहींना कॅनडाप्रमाणे केवळ व्यापारी करार हवा होता. काहींना कोणताही करार न करता बाहेर पडले तरी चालणार होते. बाहेर पडण्याला बहुमत होते. परंतु बाहेर पडण्याच्या कोणत्याही एका रीतीला बहुमत नव्हते.

या संदर्भात गोव्याचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, हा प्रश्न होता. त्या वेळीही वातावरण तापलेले होते. मात्र दोन्ही पर्यायांचे स्वरूप मतदाराला ठाऊक होते. महाराष्ट्र राज्य डोळ्यांसमोर होते आणि केंद्रशासित प्रदेशाचा अनुभवही होता. सुमारे चौतीस हजारांच्या मताधिक्याने वेगळे राहण्याचा कौल मिळाला आणि पुढे काय करायचे, याविषयी संदिग्धता उरली नाही. ब्रिटनच्या मतदाराने मात्र एका ठाऊक असलेल्या स्थितीची तुलना एका न ठरलेल्या स्थितीशी केली होती.

आयर्लंडची सीमा

सर्वांत अवघड गाठ आयर्लंडच्या सीमेवर पडली. आयर्लंड बेटाचा मोठा भाग म्हणजे स्वतंत्र आयर्लंड देश. तो युरोपीय संघाचा सदस्य आहे. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे. दोहोंमधील सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांबीची आहे. उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे तीस वर्षे चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारानंतर तेथे शांतता नांदू लागली आणि सीमेवरील लष्करी चौक्या नाहीशा झाल्या.

ब्रिटन संघाबाहेर गेला, तर हीच सीमा संघाची बाहेरची सीमा होणार होती. मग तेथे जकात नाकी उभारायची काय? ती उभारली, तर जुनी जखम पुन्हा उघडी पडण्याची भीती होती. ती टाळण्यासाठी मे सरकारने आणि संघाने ‘बॅकस्टॉप’ नावाची तरतूद मान्य केली. दुसरा उपाय सापडेपर्यंत संपूर्ण ब्रिटनने संघाच्या जकात व्यवस्थेशी बांधलेले राहावे, असा तिचा आशय होता. बाहेर पडूनही आपण कायमचे अडकून राहू, अशी शंका घेऊन हुजूर पक्षातील अनेक खासदार तिच्याविरुद्ध उभे राहिले.

या वाटाघाटींत आयर्लंडची बाजू मांडणारे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर यांचे घराणे मूळचे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वराड गावचे. सीमा खुली राहिलीच पाहिजे, या भूमिकेवर ते अखेरपर्यंत ठाम होते.

संसदेतील पेच

संघातून बाहेर पडण्याची रीतसर सूचना ब्रिटनने २९ मार्च २०१७ रोजी दिली. तेव्हापासून दोन वर्षांची मुदत सुरू झाली. ही सूचना देण्याच्या विधेयकाला कनिष्ठ सभागृहात ११४ विरुद्ध ४९८ मतांनी पाठिंबा मिळाला होता. म्हणजे कोणत्या मार्गाने जायचे हे ठरण्याआधीच खासदारांनी घड्याळ सुरू केले होते. जून २०१७ मध्ये मे यांनी हात बळकट करण्यासाठी निवडणूक घेतली. उलट त्यांचे बहुमतच गेले आणि संसद त्रिशंकू झाली.

मे यांनी संघाशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी सभागृहापुढे आला. त्याच्या बाजूने २०२ आणि विरुद्ध ४३२ मते पडली. आधुनिक काळात ब्रिटनमधील कोणत्याही सरकारचा सभागृहात इतका मोठा पराभव झाला नव्हता. १२ मार्च आणि २९ मार्च रोजीही करार फेटाळला गेला. मधल्या काळात सभापती जॉन बर्को यांनी १६०४ सालापासूनच्या प्रथेचा आधार घेऊन, तोच प्रस्ताव जसाच्या तसा पुन्हा मांडता येणार नाही, असा निर्णय दिला.

सरकारला जमत नाही, तर आपणच वाट शोधू, असे ठरवून खासदारांनी २७ मार्च रोजी आठ पर्यायांवर मतदान केले. आठही पर्याय नापास झाले. १ एप्रिल रोजी त्यांपैकी चार पर्याय पुन्हा मतास टाकले; तेही नापास झाले. संघाशी सामाईक जकात व्यवस्था ठेवण्याचा पर्याय अवघ्या तीन मतांनी हरला. याच संसदेने कराराविना बाहेर पडण्यासही विरोध केला होता. संसद प्रत्येक वाटेला ‘नाही’ म्हणत होती. ‘होय’ कशालाच म्हणत नव्हती. मुदत प्रथम १२ एप्रिल, नंतर ३१ ऑक्टोबर २०१९ पर्यंत वाढवावी लागली.

जनतेचा वैताग

हे भिजत घोंगडे पाहून सामान्य माणूस बेजार झाला. ‘बाहेर पडावे’ म्हणणाऱ्यांना वाटे, आपल्या मताची पायमल्ली होत आहे. ‘राहावे’ म्हणणाऱ्यांना वाटे, अर्धा देश विचारातच घेतला जात नाही. २३ मार्च २०१९ रोजी दुसऱ्या सार्वमताच्या मागणीसाठी लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. ब्रेक्झिट रद्द करावे, या मागणीच्या अर्जावर साठ लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. त्याच महिन्याच्या २९ तारखेला, म्हणजे बाहेर पडण्याच्या मूळ दिवशी, संसदेसमोर विरुद्ध बाजूच्या लोकांनी संतापाने निदर्शने केली. एकाच चौकात आठवड्याच्या अंतराने दोन्ही बाजू जमल्या आणि दोघींचाही राग एकाच संसदेवर होता.

अनिश्चिततेची झळ रोजच्या व्यवहारालाही लागली. ऑक्सफर्ड येथील मोटार कारखान्याने दरवर्षीची दुरुस्तीची सुटी एप्रिल २०१९ मध्ये ओढून घेतली, कारण मार्चअखेर बाहेर पडल्यावर सुट्या भागांचा पुरवठा अडण्याची भीती होती. मुंबईच्या टाटा समूहाच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हर कंपनीनेही त्याच महिन्यात आपले कारखाने आठवडाभर बंद ठेवले. तारीख पुढे गेली. बंद मात्र मागे घेता आला नाही. औषध कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा करण्यास सांगण्यात आले होते. सरकारने ३१ ऑक्टोबर २०१९ ही तारीख कोरून ५० पेन्सची स्मरणार्थ नाणी पाडली. तो मुहूर्तही टळला आणि सुमारे दहा लाख नाणी वितळवावी लागली.

लोकांनी हा राग मतपेटीतूनही व्यक्त केला. मे २०१९ मधील स्थानिक निवडणुकांत हुजूर पक्षाने तेराशेहून अधिक जागा गमावल्या. त्याच महिन्यातील युरोपीय संसदेच्या निवडणुकीत काही महिन्यांपूर्वी स्थापन झालेला ब्रेक्झिट पक्ष पहिला आला आणि सत्ताधारी पक्ष पाचव्या स्थानावर घसरला. ज्या संसदेतून बाहेर पडायचे, तिच्याच निवडणुकीत ब्रिटनला भाग घ्यावा लागला होता.

याहून गंभीर गोष्ट निराळीच होती. हॅन्सार्ड सोसायटी या संस्थेच्या २०१९ मधील पाहणीत ७२ टक्के लोकांनी राज्यकारभाराच्या पद्धतीत मोठ्या सुधारणेची गरज सांगितली. नियम मोडण्यास तयार असणारा खंबीर नेता देशाला हवा, असे ५४ टक्के लोकांचे मत पडले. म्हणजे राग पक्षांपुरता उरला नव्हता. तो नियमांपर्यंत पोहोचला होता.

कोंडी कशी फुटली

मे यांच्यानंतर जुलै २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. त्यांनी पाच आठवड्यांसाठी संसद संस्थगित केली. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी २४ सप्टेंबर रोजी एकमताने ही कृती बेकायदा ठरवली. पुढे ऑक्टोबरमध्ये जॉन्सन आणि वराडकर यांच्या भेटीनंतर नव्या कराराचा मार्ग खुला झाला. त्यानुसार आयर्लंड बेटावरील सीमा खुली राहिली. त्याऐवजी ब्रिटनच्या मुख्य बेटावरून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी करण्याचे ठरले.

१२ डिसेंबर २०१९ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. ‘ब्रेक्झिट उरकून टाका’ अशा आशयाची साधी घोषणा देऊन जॉन्सन यांनी ३६५ जागा जिंकल्या. या घोषणेने कोणता मार्ग चांगला, हे सांगितले नव्हते. तिने थकलेल्या लोकांना शेवट देऊ केला होता. नव्या संसदेने करार मंजूर केला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. तरी प्रश्न संपले नाहीत. उत्तर आयर्लंडकडे जाणाऱ्या मालाच्या तपासणीवरून पुन्हा वाद झाला आणि त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘विंडसर आराखडा’ नावाची नवी तडजोड करावी लागली.

या घटनेचा अर्थ

या कोंडीचा दोष एखाद्या नेत्याच्या हट्टावर ढकलणे सोपे आहे. हट्ट होतेच. परंतु जनतेला अपुरा प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तराचा अर्थ नंतर लावू म्हटले, तर प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो आणि दुसऱ्याचा अर्थ हा त्याला विश्वासघात वाटतो. विलंबाला कंटाळलेला नागरिक मग ‘काहीही करा, पण एकदाचे करा’ असे म्हणू लागतो. त्याचा कंटाळा खोटा नसतो. पण त्या क्षणी तो चर्चेचा हक्कही सोडून देण्याच्या बेतात असतो. ब्रिटनमध्ये न्यायालय, संसद आणि मतपेटी शाबूत राहिल्या, म्हणून वाट उशिरा का होईना, नियमांतूनच निघाली. कौल घेण्यापूर्वी प्रश्न पुरता मांडणे ही राज्यकर्त्यांची जबाबदारी आहे. आणि ‘होय’ म्हटल्यावर नेमके काय होणार, हे मत देण्यापूर्वी विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे.

स्वाध्याय

१. ‘बाहेर पडण्याला बहुमत होते; परंतु बाहेर पडण्याच्या कोणत्याही एका रीतीला बहुमत नव्हते.’ हे विधान स्पष्ट करा.
२. आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न इतका अवघड का ठरला?
३. गोव्याचा १९६७ चा जनमत कौल आणि ब्रिटनचे २०१६ चे सार्वमत यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘भिजत घोंगडे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून त्याचा वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या गावात किंवा वस्तीत सर्वांच्या मताने घ्यावयाच्या एखाद्या निर्णयासाठी प्रश्न कसा मांडाल? दहा ओळींत लिहा.