'त्याला कळतं, आपण चूक केली ते'

संध्याकाळी दार उघडावं, तर उशीचा कापूस घरभर आणि कुत्रा कान पाडून कोपऱ्यात. 'बघा, त्याला कळतं आपण चूक केली ते!' हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. निरागस वाटतं, पण पुढचा मार, गॅलरीतली साखळी आणि शेवटी गाडीत घालून दूर सोडून येणं याच समजुतीतून सुरू होतं.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासलं. 'खाऊला तोंड लावायचं नाही' असं बजावून मालक खोलीबाहेर जायचा. परतल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, हे त्याला कधी खरं सांगितलं जाई, कधी खोटं. तो अपराधी चेहरा खाऊ खाण्यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा, आणि खाऊला न शिवताही ओरडा बसलेल्या कुत्र्यांत तर अधिक ठळक. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो, ती आपल्या रागाची भीती असते. दोन तासांपूर्वी फाडलेल्या उशीचा आणि आत्ताच्या ओरडण्याचा संबंध त्याला लागत नाही.

घरात शू केली की नाक त्यात घासायचं, हा उपायही असाच. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली करतं, आणि आपण त्याला लबाड ठरवतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला जेमतेम दोन तास धरवतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यावं आणि तिथे शू केली की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. कंटाळवाणं काम आहे, पण खात्रीचं आहे.

एकटं ठेवल्यावर अखंड भुंकणारा, दार ओरबाडणारा कुत्रा सूड घेत नसतो. बऱ्याचदा तो घाबरलेला असतो. त्याला एकटेपणाची सवय अर्ध्या मिनिटापासून लावावी लागते: बाहेर पडायचं आणि तो अस्वस्थ होण्याआधी परत यायचं. वेळ हळूहळू वाढवायची. त्याआधी भरपूर फिरवून, रस्त्यावरचे वास मनसोक्त घेऊ देऊन आणावं.

'दाबून ठेवलं नाही तर डोक्यावर बसेल' ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते. तिचं मूळ पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या १९४७ सालच्या निरीक्षणांत आहे. कळपाचा दांडगट म्होरक्या ही कल्पना आपल्या पुस्तकातून लोकप्रिय करणारे डेव्हिड मेक यांनीच पुढे, १९९९ मध्ये, ती दुरुस्त केली: रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तरीही गुरगुरला की थोबाडीत द्या, असा सल्ला अजून मिळतो. गुरगुरणं ही सूचना असते. ती मारून बंद पाडली, तर पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावेल. आणि शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हेही नेहमी खरं नसतं. अंग ताठ, शेपूट उंच आणि थरथरती असेल, तर मुलांना आधी मागे घ्या.

खाण्याचं थोडक्यात: मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही. उरलेल्या रश्शातला कांदा-लसूण त्यांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतो. मनुका आणि चॉकलेटही विषारीच.

'घरातच असतो, त्याला रेबीजची लस कशाला?' असं विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की या रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर लस द्यावी, नंतर पशुवैद्य सांगतील तसा बूस्टर. चावलेल्या जागी हळद, तिखट, चुना काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांना थांबवते. ती लस आपल्याकडे केव्हाच बंद झाली, आता इंजेक्शन दंडावर घेतात.

मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तिच्या तब्येतीला ते बरं, हाही भ्रमच. उलट नसबंदीने गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो, आणि रस्त्यावर सोडली जाणारी पिल्लंही कमी होतात. पाळलेलं जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

राहिला दत्तकाचा प्रश्न. 'गावठी कुत्रा घरात रुळत नाही, आणि मोठा तर नाहीच.' गावठी कुत्रा शेकडो पिढ्या आपल्याच उन्हापावसात घडलेला आहे. दाट लोकरीच्या हस्कीला नागपूरच्या मे महिन्यात धापा टाकताना पाहिलं की मला खरोखर वाईट वाटतं. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव तयार झालेला असतो, तो आधी भेटून पारखता येतो. पिल्लाचा फक्त अंदाज बांधायचा असतो.

मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. आमची गावठी कुत्री चार वर्षांची असताना घरी आली. पहिले काही दिवस ती दिवाणाखालून हलली नाही. कुणी हात पुढे केला की भिंतीला चिकटायची. आम्ही तिथेच वाटी सरकवत राहिलो, जवळ बसून पेपर वाचत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती स्वतःहून बाहेर आली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि तिथेच झोपली.