मांजर आणि लेखणी

नाचणगावास आमच्या घरी मांजर पाळतात ते धान्याच्या कोठीसाठी. उंदीर धरावेत व दूधभात खावा, इतकाच व्यवहार. परंतु दुपारी सोप्यावर मी लिहावयास बसले की आमची मनी कोठी सोडून नेमकी कागदावर येऊन बसे, आणि आतून चुलत सासूबाई म्हणत, "जमल्या का दोघी रिकामटेकड्या!"

नोकरी नाही, कचेरी नाही, वरिष्ठ नाही. घरी बसून जो लिहितो त्याचे काम घरच्यांस काम वाटत नाही. सुनीती नामजोशी यांची हकीकत वाचताना म्हणूनच मला मौज वाटली व थोडा धीरही आला.

सुनीतीबाईंचा जन्म १९४१ सालचा, मुंबईचा. आजोळ फलटणच्या नाईक निंबाळकरांचे. १९६४ साली त्या भारतीय प्रशासन सेवेत शिरल्या. ज्या खुर्चीसाठी आपल्या घरांतून मुलांस पहाटे उठवून अभ्यासास बसवितात, ती त्यांनी १९६९ साली सोडली. तत्पूर्वीच, १९६८ साली, मातोश्री सरोजिनीबाईंसमवेत त्यांनी गोविंदाग्रजांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते. पुढे कॅनडात डॉक्टरेट मिळवून १९७२ पासून टोरांटो विद्यापीठात अध्यापन केले. तेही स्थिर पद कालांतराने सोडून त्या इंग्लंडातील डेव्हन परगण्यात लेखनास वाहून घेण्यास गेल्या. एकदा नोकरी सोडणाऱ्यास लोक लहरी म्हणतात. दोनदा सोडणाऱ्यास काय म्हणत असतील!

पंचतंत्र व इसाप यांची पशुसृष्टी त्यांच्या लेखनात प्रथमपासून आहे. १९८१ च्या त्यांच्या नीतिकथांत जुन्या गोष्टी स्त्रीच्या दृष्टीने उलटून पाहिलेल्या आहेत. १९८५ च्या पुस्तकात सुनीती नावाचीच नायिका भद्रावती नावाच्या गायीशी वाद घालते. (आम्हा वर्धेकडील मंडळींस भद्रावती म्हटले की चांद्याकडचे गावच आठवावयाचे.) परंतु गाय कल्पनेतील होती. सुकी मात्र खरी, फिकट करड्या रंगाची बर्मी मांजरी. तिच्याशी केलेल्या कल्पित संभाषणांचे पुस्तक २०१२ साली निघाले, तेव्हा सुकी हयात नव्हती. त्यात मांजरी मालकिणीस मुळीच मोठेपणा देत नाही. उलट प्रश्न विचारते, टोचते, रुसते. एकट्याने लिहिणाऱ्यास असा तोंडावर बोलणारा सोबती किती दुर्मिळ असतो, हे तो अनुभव घेतलेल्यांसच कळेल.

इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन हेही पुस्तकविक्रेत्यांच्या पैशावर लिहून जगले. १७६२ साली पेन्शन मिळेपर्यंत त्यांस स्थिर उत्पन्न नव्हते. आपल्या हॉज नावाच्या बोक्यासाठी कालवे आणावयास ते स्वतः बाहेर पडत. नोकरांस धाडले तर ते त्या गरीब जिवावर राग धरतील, ही त्यांची भीती! शब्दाशब्दाची पारख करणाऱ्या त्या विद्वानाची ही पारख मला कोशाहून कमी वाटत नाही.

मांजर मारले तर काशीस सोन्याचे मांजर वाहावे, असे आपल्याकडे सांगतात. परंतु जे आपल्या मरणाने गेले त्याच्यासाठी काय करावे, हे कोणी सांगितलेले नाही. सुतक नाही, समाचारास कोणी येत नाही. जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी १९०५ साली एका मांजराच्या मुखाने कादंबरी लिहावयास घेतली व कीर्ती मिळविली. ज्या मांजरावरून ती सुचली ते १९०८ साली वारले, तेव्हा त्यांनी स्नेह्यांस रीतसर मृत्यूची पत्रे धाडली. सुनीतीबाईंनी पुस्तक लिहिले. त्यात शोकाची उतरण आहे, विपश्यनेच्या ध्यानाची हकीकत आहे, आणि रडणे फारसे नाही.

आमची मनी गेल्या पौषात गेली. मी तिची दूधभाताची वाटी घासून फडताळात ठेवू लागले, तेव्हा चुलत सासूबाईंनी ती माझ्या हातून घेतली व पुन्हा कोठीच्या दाराशी होती तेथे ठेवली.