‘अपात्र’ म्हणजे काय?



आमच्या वर्गात एक बाई येते. तिचा धनी मक्त्याने चार एकर शेती करायचा. कापूस बुडाला, सावकाराचा तगादा लागला. 2023 च्या दिवाळीनंतर एका रात्री त्याने जीव दिला. सरकारी माणसे आली, पंचनामा झाला. पुढे एक कागद आला. गावातले कोणी म्हणाले, “तुह्यं नाव नाही बसलं.” बाईने कागद पेटीत ठेवला आणि ती निंदणाला, वेचणीला जात राहिली.

दोन वर्षांनी ती अक्षरे शिकली. तोच कागद घेऊन आली. “गुरुजी, हा शब्द काय हाय जी?”

शब्द होता ‘अपात्र’.

आता हा शब्द नीट समजून घेऊ. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर त्याच्या कुटुंबाला 1 लाख रुपये द्यावे, असे राज्य सरकारने 2006 साली ठरवले. त्यातले 30,000 हाती मिळतात. 70,000 बँकेत किंवा पोस्टात ठेव म्हणून राहतात. पण अटी आहेत. शेत कुटुंबातल्या माणसाच्या नावावर हवे. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवाना असलेल्या सावकाराचे हवे, आणि ते थकलेले हवे. जिल्हाधिकाऱ्यांची समिती हे सारे पाहते. या बाईच्या घरी सातबारा नव्हता. सावकाराने साधी चिठ्ठीही दिली नव्हती. म्हणून ती अपात्र. मक्त्याने राबणाऱ्याचा घाम सातबाऱ्यावर चढत नाही. माझ्या मते हा अन्याय आहे. पण अट तशी आहे.

मात्र बाई अपात्र ठरली ती त्या एका मदतीला. बाकीच्या मदतींना माणूस कसा गेला आणि शेत कोणाचे, हे कोणी विचारत नाही.

एक आहे राष्ट्रीय कुटुंबलाभ योजना. 18 ते 59 वर्षांचा कमावता माणूस गेला, आणि घर दारिद्र्यरेषेखालचे असले, तर एकदाच 20,000 रुपये मिळतात. कमावती बाई गेली तरीही मिळतात.

दुसरी संजय गांधी निराधार अनुदान योजना. ही 1980 पासून चालू आहे. विधवा, टाकलेली बाई, अपंग, अनाथ अशांना दरमहा पैसे मिळतात. 2023 साली ही रक्कम 1,500 झाली. उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला 21,000 तशीच राहिली. म्हणजे रोजचे 58 रुपयेसुद्धा नाहीत! 65 वर्षांनंतर याच तऱ्हेची श्रावणबाळ योजना आहे. दोन्हींचा अर्ज तहसील कचेरीत. आपल्या जिल्ह्यात 16 तालुके आहेत. ज्याने त्याने आपल्या तालुक्याला जावे.

बाप नसलेल्या लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिचे काम जिल्ह्याच्या महिला व बालविकास कचेरीतून चालते.

या सगळ्यांना पहिला कागद लागतो तो मृत्यूचा दाखला. मरण झाल्यापासून 21 दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करावी. उशीर झाला की दंड आणि हेलपाटे. दुःखात हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्याने जावे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच्याकडून उत्पन्नाचे कागद करावे. बँकेचे खाते बाईच्या स्वतःच्या नावाचे असावे, आधारला जोडलेले असावे. दिराच्या खात्यावर भरवसा ठेवू नये. अर्ज दिला की पोच मागावी. लाजू नये. निराधारचे पैसे सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर पैसे थांबतात.

आमच्या त्या बाईने निराधारचा अर्ज स्वतः सही करून दिला. मंजूर झाला. पण पैसे मंजुरीपासून मिळतात, मागचे मिळत नाहीत. “मंग दोन वर्साचे किती झाले असते जी?” तिने विचारले. मी म्हटले, तूच कर. तिने पाटी घेतली. 1,500 गुणिले 24. दोनदा पुसले, तिसऱ्यांदा बरोबर आले, 36,000. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसली.