खेळांतील घराची जुळणी व रंगकाम

एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिट्ल् वॉर्स’ या पुस्तकांत खेळांतल्या लढाईचे नियम सांगितले, तेव्हां घरें लांकडी ठोकळ्यांचीं रचीत. आज मेजावर मांडावयाचें घर बहुधा पॉलिस्टायरीनच्या सुट्या भागांतून जुळवितात. हे भाग सांधणारा द्रव खळीप्रमाणें नुसता चिकटत नाहीं. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवितो, आणि द्रव उडून गेल्यावर दोन्ही कडा एकजीव होतात. म्हणून रंग आधीं दिला असल्यास कडांवरचा रंग खरवडून काढावा; नाहीं तर भिंत पहिल्याच धक्क्यानें निखळेल.

रंगवितांना प्रथम अस्तर, मग मूळ रंग द्यावा. नंतर पातळ काळपट रंग विटांच्या फटींत सोडावा आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें उंचवटे उजळावे. इतक्या लहान भिंतीवर सावली पुरेशी पडत नाहीं. ती आपणच रंगवावी लागते.