दफ्तरातील आकडे आणि दगावलेली अर्भके

१७३५ साली स्थापन झालेल्या इंग्लंडमधील ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात १९८४ ते १९९५ या काळात बालकांवर झालेल्या हृदयशस्त्रक्रियांची चौकशी करून इयन केनेडी यांच्या समितीने २००१ साली जो अहवाल सादर केला, त्याचे मर्म असे की, दफ्तरी आकड्यांची वाण नव्हती. वाण होती ती त्यांचा अर्थ लावून वेळीच कारवाई करणाऱ्या व्यवस्थेची. शस्त्रक्रिया एका इमारतीत, बालहृदयरोगतज्ज्ञ दुसरीत आणि प्रशिक्षित बालपरिचारिकांचा तुटवडा, अशा स्थितीत १९९१ ते १९९५ दरम्यान वर्षाआतील तीस ते पस्तीस अर्भके अपेक्षेहून अधिक दगावली. म्हणूनच साठा, खाटा व मनुष्यबळ यांची आगाऊ तजवीज आणि उपचारांच्या फलिताची खुली नोंद ही निव्वळ कारकुनी नव्हे, ती रुग्णसेवाच होय.