बोकडविऱ्याची तबकडी

पोरांनो, उरणजवळ बोकडविऱ्याला गॅसवर चालणारं वीजकेंद्र आहे ना, त्याची धुराडी तुम्ही लांबून पाहिलीच आहेत. आज त्याच्या पोटातली गोष्ट ऐका. ही गोष्ट विजेची नाही, गॅसचीही नाही. पोलादाची एक तबकडी असते, ती रात्रंदिवस स्वतःलाच फाडायला बघते आणि तरी वर्षानुवर्षं फाटत नाही, तिची ही गोष्ट.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात, १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं. तेलाबरोबर वायू होता. तो समुद्राच्या तळावरच्या नळांतून उरणला आला आणि १९८२ पासून बोकडविऱ्याला त्यावर टर्बाइन फिरू लागली. पुढे तिथे १०८ मेगावॉटचे चार संच बसले. मग त्यांच्या धुराड्यांतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून १२० मेगावॉटचे आणखी दोन.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. एवढ्या मोठ्या यंत्राने तो ठेका सांभाळायचा तर मिनिटाला ३००० फेरे हवेत. टर्बाइनच्या दांड्यावर तबकड्या असतात, तबकडीच्या कडेला दाटीने पाती बसवलेली असतात आणि त्या पात्यांवर हजार अंशांच्या घरातला तापलेला वायू आदळतो. मध्यापासून एक मीटरवर एक किलोचं पातं असेल, तर या वेगात ते बाहेर किती जोराने ओढतं? दहा टनांच्या वजनाइतकं! हे झालं एका पात्याचं. अशी कितीतरी पाती, शिवाय तबकडीचं स्वतःचं पोलाद.

ही ओढ कशी वाटली जाते ते समजायला तुमचाच खेळ आठवा. मैदानात पोरांच्या रांगा करा. मधल्या पोराला धरून दुसरा, त्याला धरून तिसरा, अशा सगळीकडे. आता सगळ्यांनी गरगर फिरा. कडेच्या पोराला फक्त स्वतःला सांभाळायचंय. आतल्याच्या हाताला मात्र त्याच्या बाहेरच्या सगळ्यांचा भार. आणि शेजारच्या रांगांनीही एकमेकांचे हात धरले, तर गोलाकार कडी तयार होतात. तीही ताणली जातात, पण थोडा भार उचलतात. तबकडीतल्या धातूच्या कणाकणाला अशीच दोन्हीकडून ओढ असते, एक मध्यापासून बाहेर आणि दुसरी गोलाच्या कडेकडेने.

मागे मी हे सांगत होतो तेव्हा नातीने लगेच विचारलं, ‘मग आजोबा, तबकडी दुप्पट जाड केली तर?’ किती साहजिक उपाय, नाही का? पण बाय, तबकडीच्या स्वतःच्या वजनाच्या ओढीपुरतं त्याने काहीच साधत नाही. पोलाद दुप्पट झालं तर ताकद दुप्पट झाली, पण ओढणारं वजनही दुप्पट झालं. धातूच्या प्रत्येक कणावरचा ताण होता तेवढाच राहिला. सपाट तबकडीतला ताण ठरतो धातूची घनता आणि कडेचा वेग यांवर. जाडीचा त्यात संबंधच नाही. आणि वेग दुप्पट केला तर ताण चौपट. मला हे निसर्गाचं फार मोठं नवल वाटतं. इथे ओझं आणि ओझं वाहणारा एकच आहे.

मग वाट कुठली? पोलाद वाढवायचं नाही, ते कुठे ठेवायचं ते ठरवायचं. कडेचं पोलाद सगळ्यांना ओढतं, मधलं पोलाद सगळ्यांना धरतं. म्हणून मध्ये जाड ठेवायचं आणि कडेकडे निमुळतं करत जायचं. स्वीडनचा गुस्ताफ द लावाल याने हे एकोणिसाव्या शतकात करून दाखवलं. दुधातून साय वेगळी करणारं फिरतं यंत्र त्याने १८७८ मध्ये बनवलं आणि पुढे वाफेचं टर्बाइन, मिनिटाला ३०,००० फेरे घेणारं. त्याच्या मोठ्या तबकड्यांची जाडी मध्यापासून अशा हिशेबाने उतरत गेली की आतल्या कणाला आणि बाहेरच्या कणाला सारखाच ताण यावा. कुणावर जास्त नाही, कुणावर कमी नाही. फक्त अगदी कडेला पुन्हा जाडी लागते, कारण पात्यांची मुळं तिथे रुतवायची असतात.

आणखी एक गोष्ट द लावालने केली. त्या तबकड्यांच्या मध्यात दांड्यासाठी भोक पाडलं नाही, दांडे दोन्ही बाजूंनी जोडले. का? कारण सपाट तबकडीच्या मध्यात सुईएवढं भोक पाडलं, तरी तिथला ताण थेट दुप्पट होतो. बारीक भोक आहे म्हणून सूट नाही. मधल्या कणाला चारही दिशांनी शेजारी होते. भोक पडताच आतला शेजारी गेला आणि गोलाच्या कडेकडेने येणारी सगळी ओढ भोकाच्या काठावर आली. इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंटच्या अणुवीजकेंद्रात १९६९ साली टर्बाइनचा वेग मुद्दाम थोडा वाढवून चाचणी घेत होते. नेहमीचा वेग ३०००, यंत्र ३२०० च्या आसपास पोचलं आणि तबकडी फुटली. चीर कुठे होती? भोकाच्या काठाशी, दांड्यावर पक्कं बसवण्यासाठी पाडलेल्या खाचेत.

आता उष्णतेकडे येऊ. थंड पोलाद ताण दिला की थोडं ताणलं जातं आणि थांबतं. तापलेलं पोलाद थांबत नाही. ताण तोच असला तरी ते वर्षानुवर्षं लांबत राहतं, इतकं सावकाश की डोळ्याला दिसत नाही. अभियंते याला ‘क्रीप’ म्हणतात. लंडनमध्ये अँड्रेड नावाच्या शास्त्रज्ञाने १९१० साली तारा ताणून याचा नियम शोधला. आधी लांबणं मंदावतं, मग बराच काळ एका चालीने चालतं, शेवटी भरभर वाढतं आणि धातू तुटतो. शिसं तर आपल्या अंगणातल्या उन्हातही असं लांबतं, कारण ते वितळतं ३२७ अंशांना. त्याच्या मानाने आपला उन्हाळा म्हणजे भट्टीच. पोलादाला साधारण साडेचारशे अंशांपासून ही काळजी लागते. म्हणून गॅस टर्बाइनच्या तबकड्यांना आतून हवा खेळवून थंड ठेवतात.

क्रीप ताणाच्या बाबतीत फार हळवा आहे. पुष्कळ धातूंत तो ताणाच्या पाचव्या घाताच्या आसपास वाढतो. वेग दहा टक्के वाढला तर ताण एकवीस टक्क्यांनी वाढतो आणि लांबण्याची चाल अडीचपट होते. तबकडीला आकार देताना थोडासा ताण वाचवला, तरी तिचं आयुष्य कितीतरी वाढतं ते यामुळेच. निमुळती तबकडी सपाट तबकडीपेक्षा सावकाश लांबते. पण या हळवेपणाला दुसरी बाजूही आहे. जिथे ताण जास्त, तो भाग आधी लांबतो, लांबला की तिथला ताण सैल पडतो आणि उरलेला भार बाहेरचा धातू उचलतो. भोकाच्या काठावरचा तो दुप्पट ताण अशा रीतीने हळूहळू ओसरतो. धातू आपला भार आपणच वाटून घेतो!

‘म्हणजे ती कधीतरी फुटणारच ना?’ हा नातीचा पुढचा प्रश्न. फुटेपर्यंत ती तिथे ठेवत नाहीत, बाय. यंत्र किती तास चाललं, किती वेळा बंद करून चालू केलं, याची नोंद राहते. ठरलेल्या तासांनी टर्बाइन उघडतात, भोकाचा आणि कडेचा व्यास केसाहूनही बारीक मापाने मोजतात, चिरा शोधतात. लांबण्याची चाल मधल्या टप्प्यात आहे तोवर तबकडी पुन्हा दांड्यावर चढते. ती चाल वाढायच्या आत तिला उतरवून नवी बसवतात.